स्क्रीन काळी, दोष कुणाचा?

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि स्क्रीन काळी राहिली, की गिरगावापासून लालबागपर्यंत निकाल एकच: “लिनक्स आहे, असंच होणार.” हा निकाल खोटा आहे. त्या काळ्या स्क्रीनमागे फार वेळा चिप विकणाऱ्या कंपनीने दडवलेली माहिती असते. कंपनी पैसे घेऊन मोकळी होते आणि बोल लागतो तो रात्री जागून ड्रायव्हर लिहिणाऱ्याला. ज्या मुलाने हिंमत करून लिनक्स टाकलं, त्यालाही घरचे ऐकवतात, “चांगला चालता लॅपटॉप बिघडवलास.” आज मला या दोघांची बाजू घ्यायची आहे.

विषय आत्ताच काढायला कारण आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती एक वर्षाची मुदतवाढ ठेवली, एवढंच. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे 2017मध्ये सातव्या पिढीचा आय-फाइव्ह घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा लॅपटॉप एका फर्मानाने निकामी. परळच्या चाळीत तो लॅपटॉप अख्ख्या घराचा असतो. मुलीचं कॉलेज त्याच्यावर, वडिलांचे सोसायटीचे हिशेब त्याच्यावर, धाकट्याच्या परीक्षेचे फॉर्म त्याच्यावर. दर पाच-सात वर्षांनी नवा घ्या, हे सांगणं ज्यांना सोपं जातं त्यांनी महिन्याच्या वीस तारखेला त्या घरात येऊन सांगावं.

हे लॅपटॉप जातात कुठे? काही कुर्ला-साकीनाक्याच्या भंगारात जातात. काही ग्रँट रोड स्टेशनाबाहेरच्या डॉ. भडकमकर मार्गावर येतात. पाटीवर नाव काहीही असो, सगळी मुंबई त्याला लॅमिंग्टन रोड म्हणते. तिथे सेकंडहँड लॅपटॉप मिळतो, जुन्याची रॅम वाढवून मिळते, तुटलेली स्क्रीन बदलून मिळते. या रस्त्याने मुंबईतल्या कितीतरी घरांना पहिला संगणक दिला आहे. याच रस्त्यावर एक वाईट रीतही रुजली: डॉस किंवा लिनक्स असलेला लॅपटॉप स्वस्तात विकायचा आणि जाता जाता चोरीचं विंडोज टाकून द्यायचं. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. पुढे व्हायरस आला की “फॉरमॅट मारून देतो” म्हणायचं. लिनक्स तिथे विकलं गेलं ते फक्त किंमत कमी करण्यापुरतं. ते नीट चालतं का, हे पाहायची कुणाला गरजच वाटली नाही.

चित्र येतं कसं

लॅपटॉपमधलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणजे प्रोसेसरच्याच चिपवर बसवलेला, स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग. दुकानात त्याला अजून ‘ऑनबोर्ड’ म्हणतात, कारण पूर्वी तो मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असे. त्याला स्वतःची वेगळी मेमरी नसते, तो रॅममधूनच जागा घेतो. म्हणून ज्या लॅपटॉपला रॅमचे दोन खण आहेत, तिथे 8 जीबीची एकच पट्टी लावण्याऐवजी 4-4च्या दोन लावल्या तर ग्राफिक्स जास्त वेगाने चालतं, कारण मेमरीकडे जायचे दोन मार्ग एकाच वेळी खुले होतात. रॅम घेताना ‘किती जीबी’ विचारलं जातं, ‘किती पट्ट्या’ क्वचितच. हे विचारायला शिका.

लिनक्समध्ये चित्र स्क्रीनपर्यंत पोचायला चार टप्पे लागतात. पहिला, कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर: इंटेलसाठी आय-915, नव्या चिपांसाठी एक्सई, एएमडीसाठी एएमडीजीपीयू. दुसरा, फर्मवेअर, म्हणजे सुरुवातीला खुद्द चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्रॅम. तिसरा, मेसा. ही लायब्ररी ब्रायन पॉल नावाच्या माणसाने 1993मध्ये एकट्याने लिहायला घेतली आणि 1995मध्ये खुली केली. आज लिनक्सवरचं जवळजवळ सगळं खुलं त्रिमिती चित्रण तिच्यावर चालतं. चौथा टप्पा, खिडक्या मांडणारी व्यवस्था: जुनी एक्स किंवा नवी वेलँड. यातला कुठला टप्पा तुटला हे ओळखलं की अर्धं काम झालं. आपल्याकडे ते ओळखायच्या आधीच पेनड्राइव्ह काढून विंडोज टाकायची घाई.

प्रत्येक लक्षणामागे शोधता येण्यासारखं कारण असतं. स्क्रीन 1024 बाय 768वर अडकली आणि चित्र फताडं दिसतंय? खरा ड्रायव्हर लागलेलाच नाही. एएमडीच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करतानाच गडबड झाली? फर्मवेअर आलेलं नसेल. डेबियन या लिनक्स प्रकल्पाने कित्येक वर्षं तत्त्वासाठी बंदिस्त फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरमध्ये ठेवलं नव्हतं. 2022मध्ये सभासदांनी मतदान करून ते ठेवायचं ठरवलं आणि जून 2023च्या डेबियन 12पासून ही अडचण मिटली. ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत? लॅपटॉप बनवणाऱ्याने बायोस विंडोजपुरतं तपासून सोडून दिलेलं असू शकतं. एचडीएमआयची वायर लावली तरी प्रोजेक्टर कोरा? दोन ग्राफिक्स असलेल्या कित्येक लॅपटॉपांत ते पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. ती चिप जागी नसेल तर बाहेर चित्र जाणार कुठून? दादरच्या शाळेत वर्गासमोर उभ्या असलेल्या बाईंना हे कुणी सांगत नाही. त्यांना “मॅडम, लिनक्स वापरू नका” एवढंच सांगितलं जातं.

व्हिडिओ लावला की पंखा घोंघावतो, ही आणखी एक तक्रार. यूट्यूब बरेचसे व्हिडिओ व्हीपी9 या पद्धतीत पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीतलं एचडी 620 ते चिपमध्येच उलगडू शकतं. त्याआधीच्या चिपांना ते पुरतं जमत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये एच-264 मागणारं छोटं एक्स्टेंशन टाकलं आणि चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणाऱ्या व्हीए-एपीआयचा योग्य ड्रायव्हर बसवला, की जुना लॅपटॉपही शांतपणे व्हिडिओ दाखवतो. पाच मिनिटांचं काम आहे. एवढ्यासाठी मशीन भंगारात काढणं हा अन्याय आहे.

दोन चुकीचे सल्ले

काळ्या स्क्रीनवर सर्वांत जास्त वाटला जाणारा उपाय म्हणजे ‘नोमोडसेट’. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या मेन्यूच्या, पानावर ‘ई’ दाबायचं, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी हा शब्द लिहायचा, आणि स्क्रीन दिसू लागते. दिसू लागते, कारण हा शब्द कर्नलच्या खऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरलाच बाजूला बसवतो. मग चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसर एलएलव्हीएमपाइप या सॉफ्टवेअरने करत राहतो. इन्स्टॉल करण्यापुरता हा उपाय योग्य आहे. उबुंटूच्या मेन्यूतलं ‘सेफ ग्राफिक्स’ही हेच करतं. पण नंतर ग्रबच्या फाइलमधून तो शब्द काढून अपडेट-ग्रब चालवायचं असतं, हे सांगायला सल्लागार थांबत नाहीत. लॅपटॉप वर्षभर तसाच रखडतो, गरम होतो, झाकण मिटल्यावर नीट झोपत नाही, ब्राइटनेस बदलत नाही. मग घरात ठरतं की लिनक्स हळू आहे. अर्धा सल्ला देण्यापेक्षा गप्प राहणं बरं.

दुसरा सल्ला: “डिस्ट्रो बदल.” डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा तयार प्रकार. उबुंटूवर नाही चाललं तर मिंट टाक, मिंटवर नाही चाललं तर फेडोरा टाक. अरे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर सगळ्यांकडे तोच कर्नल आणि तोच मेसा देतो. फरक पडतो तो आवृत्तीचा. नव्या लॅपटॉपला नवा कर्नल लागतो. इंटेलचा एक्सई ड्रायव्हर कर्नलमध्ये आला तो मार्च 2024च्या 6.8 आवृत्तीत. त्यानंतर बाजारात आलेल्या लॅपटॉपवर 2022ची डिस्ट्रो टाकली तर स्क्रीन रुसणारच. तेव्हा प्रश्न एवढाच विचारायचा: कर्नल मशीनपेक्षा नवा आहे का? हा प्रश्न न विचारता मुलाला रात्रभर पाच डिस्ट्रो उतरवायला लावणारे जाणकार लिनक्सचं भलं करत नाहीत. आणि नवख्याने प्रश्न विचारला की “मॅन्युअल वाच” म्हणून झिडकारणारे तर त्याला थेट चोरीच्या विंडोजच्या दारात नेऊन सोडतात.

मुंबईत हे नवं नाही

1990च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत लिनक्सवाल्यांचा गट जमू लागला. माटुंग्याच्या व्हीजेटीआय कॉलेजमध्ये त्यांच्या बैठका होत. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सच्या सीड्या येत. इंटेलचा 810 चिपसेट 1999मध्ये आला. त्याचं ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅममधली जागा वापरत असल्यामुळे कर्नलमध्ये एजीपीगार्ट नावाचं मॉड्यूल आणि वेगळा एक्स सर्व्हर असल्याशिवाय चित्र येत नसे. मॉनिटरची आडवी-उभी वारंवारता फाइलमध्ये हाताने लिहावी लागे. आकडा चुकला तर मॉनिटर बिघडण्याचीही भीती असे. पुढे 2005 ते 2011 या काळात उबुंटूच्या सीड्या कॅनोनिकल कंपनी टपालाने फुकट पाठवायची. ज्या पिढीने हे सगळं निभावलं तिला विचारा, ग्राफिक्सचा त्रास किती होता. आणि मग विचारा, तो कमी कसा झाला.

तो कमी झाला कारण काही कंपन्यांनी कागदपत्रं उघडली. जानेवारी 2008मध्ये इंटेलने आपल्या 965 चिपसेटच्या ग्राफिक्सचे संदर्भग्रंथ जाहीर केले: कुठल्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं की चिप काय करते, हे सगळं त्यात होतं. मार्च 2009च्या कर्नल 2.6.29मध्ये इंटेलच्या चिपांसाठी स्क्रीनची मांडणी थेट कर्नलमधून होऊ लागली आणि ती हाताने लिहायची फाइल बहुतेकांच्या आयुष्यातून गेली. एएमडीने 2006मध्ये एटीआय विकत घेतली आणि सप्टेंबर 2007मध्ये ग्राफिक्सची कागदपत्रं खुली करायचं जाहीर केलं. आज तिच्या रायझन प्रोसेसरांचं इंटिग्रेटेड ग्राफिक्स लिनक्सवर सरळ चालतं, ते त्या निर्णयामुळे.

उघड्या कागदांची ताकद किती असते ते 2021मध्ये दिसलं. रेड हॅट कंपनीच्या डेव्ह एअरली यांनी मेसासाठी ‘क्रोकस’ नावाचा ड्रायव्हर लिहिला. तो इंटेलच्या 965पासून हॅसवेलपर्यंतच्या चिपांसाठी आहे. 965 बाजारात आला 2006मध्ये. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या चिपसाठी नवा ड्रायव्हर आणि लिहिणारा इंटेलचा नोकरही नाही. कंपनी जुना माल विसरली तरी माल मेला नाही, कारण त्याचं गुपित कुलुपात नव्हतं.

आता कुलूपवाल्यांकडे बघू. त्यात पुन्हा इंटेलच आहे आणि म्हणून तिला सूट नाही. 2008मध्ये तिने ॲटम प्रोसेसरसोबत जीएमए 500 आणलं. आतलं ग्राफिक्स ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजचं, पॉवरव्हीआर घराण्याचं, आणि त्याची माहिती बंद. छोट्या स्वस्त नेटबुकांमध्ये ते बसलं. लोकांनी “इंटेल आहे, म्हणजे लिनक्सवर चालेल” असा विश्वास ठेवून ती घेतली आणि हात चोळत बसले. 2011-12मध्ये कर्नलवर काम करणाऱ्या ॲलन कॉक्स यांनी त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आणला तेव्हा स्क्रीन नीट दिसू लागली, पण त्रिमिती चित्रण कधीच मिळालं नाही. सिस कंपनीच्या मिराज 3 ग्राफिक्सवाल्यांचेही असेच हाल झाले. 2024मध्ये इमॅजिनेशनने स्वतःच पॉवरव्हीआरचा खुला ड्रायव्हर कर्नलमध्ये दिला, पण तो नव्या चिपांसाठी. ज्यांनी 2009मध्ये पैसे मोजले त्यांच्या पदरात काय? काही नाही.

एनव्हिडियाचं तर विचारूच नका. 2010मध्ये तिने ऑप्टिमस आणलं: एरवी इंटेलचं इंटिग्रेटेड ग्राफिक्स चालेल, जड काम आलं की एनव्हिडियाची चिप जागी होईल. कल्पना चांगली. लिनक्ससाठी मात्र हात वर. शेवटी 2011मध्ये बाहेरच्या लोकांनी ‘बंबलबी’ हा प्रकल्प उभा करून वाट काढली. जून 2012मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना याच ऑप्टिमसबद्दल प्रश्न आला, तेव्हा त्यांनी भर सभेत कॅमेऱ्यासमोर कंपनीला मधलं बोट दाखवलं. सभ्यतेचं माप मला त्यांच्या हातात द्यायचं नाही, पण राग रास्त होता. मे 2022मध्ये कंपनीने कर्नलमधला भाग खुला केला तोही 2018च्या ट्युरिंग चिपांपासून पुढे. फर्मी घराण्याच्या जुन्या चिपांचा ड्रायव्हर 2022च्या अखेरीस बंद झाला. चिप धडधाकट, ड्रायव्हर बंद, कागद कुलपात. ग्राहकाने अशा वेळी करायचं काय?

परळचा फिटर आणि आजची चिप

परळ-लालबागच्या गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या परदेशी कंपन्यांची यंत्रं होती. यंत्र विलायती असलं तरी गिरणीचा फिटर ते उघडायचा, चाक बघायचा, झिजलेला भाग इथेच करून घ्यायचा. 1887मध्ये भायखळ्याला सुरू झालेली आणि 1923मध्ये माटुंग्याला आलेली ‘व्हिक्टोरिया ज्युबिली’ संस्था, म्हणजे आजची व्हीजेटीआय, अशा कारागिरीचं शिक्षण देण्यासाठीच उभी राहिली. यंत्र उघडता येणं हा त्या शिक्षणाचा पाया होता. चिप उघडून बघता येत नाही. तिचे कागद हेच तिचं उघडणं. ते कुलपात ठेवणारा विक्रेता तुम्हाला यंत्र विकतच नाही, काही वर्षं वापरायची परवानगी विकतो आणि किंमत मात्र पुरी घेतो. मला राग येतो तो याचा.

केंद्र सरकारने जुलै 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022ला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात घेतली. ट्रॅक्टरचं मॅन्युअल शेतकऱ्याला मिळायला हवं, हे आता सगळ्यांना पटतं. मग ग्राफिक्स चिपचे कागदही त्याच हक्कात यायला हवेत. कंपनीने ड्रायव्हर बंद केला की त्याच दिवशी त्या चिपची माहिती खुली करायची, एवढा एक नियम केला तरी लाखो मशीन वाचतील. ग्राहक चळवळीने हा मुद्दा हाती घ्यावा. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली ते वजनमापात फसवणाऱ्यांना जाब विचारण्यासाठी. हीसुद्धा मापातलीच फसवणूक आहे: दहा वर्षं चालणारं यंत्र विकायचं आणि आयुष्य पाच वर्षांचं द्यायचं.

सरकारचं स्वतःचं वागणं तरी कसं आहे? 2015मध्ये केंद्राने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. सी-डॅकने त्याआधीच, 2007मध्ये, बॉस लिनक्स दिलं होतं. संरक्षण मंत्रालयाने 2023मध्ये उबुंटूवर आधारलेली ‘माया’ प्रणाली आणायचं ठरवलं. सॉफ्टवेअरचं धोरण झकास. पण लिनक्स ज्या चिपवर चालणार ती कोणती, हे खरेदीत ठरतं. तिथे नजर चुकली की धोरण कागदावर राहतं.

केरळकडे बघा. तिथल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने, म्हणजे आजच्या ‘काइट’ने, सरकारी शाळांचं संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती काढली. शाळांना दिलेले लॅपटॉप तिच्यावरच चालतात. एखादं राज्य हजारो मशीन लिनक्ससाठी मागतं, तेव्हा पुरवठादाराला ग्राफिक्स चालणारंच मशीन आणावं लागतं. बाजार असा वाकतो. महाराष्ट्रात बुद्धी कमी आहे का? मुळीच नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणणारा ‘फॉसी’ प्रकल्पही तिथलाच. पवईत ज्ञान आहे, माटुंग्याला परंपरा आहे, लॅमिंग्टन रोडला माल आणि कारागीर आहेत. या तिघांना जोडणारी एक ओळ खरेदीच्या अटीत नाही.

काय करायचं

दुकानात जाताना लिनक्सचा लाईव्ह पेनड्राइव्ह घेऊन जा. पैसे देण्याआधी लॅपटॉप त्यावरून सुरू करायला सांगा. काही न पुसता, काही न टाकता लिनक्स त्यावर चालून दिसतं. स्क्रीन 1366 बाय 768 किंवा 1920 बाय 1080 अशी पूर्ण मापात आली का, बघा. ब्राइटनेसची बटणं दाबा. झाकण मिटा आणि उघडा. दुकानातल्याच मॉनिटरला एचडीएमआय लावा. एक व्हिडिओ चालवा. मग सेटिंगमधल्या ‘अबाउट’ पानावर ग्राफिक्सच्या नावापुढे इंटेल किंवा एएमडी दिसतंय ना, खात्री करा. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं तर ग्राफिक्सची चिप काम करत नाही. हे सगळं चहा येईपर्यंत होतं.

निवडताना इंटेलचं किंवा एएमडीचं नुसतं इंटिग्रेटेड ग्राफिक्स असलेला लॅपटॉप घ्या. सेकंडहँड बाजारात इंटेलचं एचडी 520 किंवा 620 असलेली कार्यालयांतून आलेली मशीन मिळतात. ती लिनक्सवर उत्तम चालतात. ऑफिसचं काम, अभ्यास, मराठी टंकलेखन, व्हिडिओ यांना दुसरी चिप लागत नाही. दुकानदार म्हणेल, “साहेब, हा घ्या, याला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे.” जुन्या एनव्हिडिया चिपसाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे पुढची डोकेदुखी विकत घेणं.

दुकानदारांनो, तुम्हालाही सांगतो. चोरीचं विंडोज टाकून देण्याऐवजी “लिनक्सवर तपासलेला” असा कागद लावून लॅपटॉप विका. विंडोज 10 गेल्यानंतर हाच माल चालणार आहे. जो आधी तपासून विकेल त्याच्याकडे गिऱ्हाईक जाईल.

आणि ज्यांच्या सहीने संगणक घेतले जातात त्या दादर-परळच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना, कॉलेजांच्या प्राचार्यांना, ग्रंथालयांच्या चिटणीसांना आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांना विनंती. पुढच्या निविदेत एक ओळ घाला: ‘ग्राफिक्ससह सर्व भागांचे ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये असावेत आणि पुरवठादाराने ते चालवून दाखवावेत.’ ही ओळ लिहायला खर्च येत नाही. मशीन मात्र त्यामुळे विंडोजच्या पुढच्या फर्मानानंतरही वर्गात चालत राहील.